तारीख आधी, तक्रार नंतर : अमेरिकेतील ईईओसीच्या तक्रार-सेवेचे परीक्षण

अमेरिकेचा समान रोजगार संधी आयोग, ज्याला इथे सगळे ईईओसी म्हणतात, एखादी तक्रार निकालात काढतो तेव्हा तक्रारदाराला पाठवलेल्या पत्रात त्याचे कारण लिहिलेले असते. त्या कारणांपैकी एक असे आहे की तक्रार मुदतीत दाखल झाली नाही, आणि कायद्याची भाषा न कळणाऱ्यासाठी त्यापुढे साध्या इंग्रजीत खुलासा असतो, ज्याचा अर्थ होतो, तुम्ही फार काळ थांबलात. माझ्या धाकट्या नणंदेने हे वाक्य न्यू जर्सीतील एडिसनमधल्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोनदा वाचले आणि मला विचारले, ‘‘वहिनी, थांबायला मला त्यांनीच सांगितलं होतं ना?’’ ‘त्यांनी’ म्हणजे आयोगाने नव्हे, तर ती जिथे नोकरी करते त्या कंपनीच्या एचआर विभागाने. हे परीक्षण आयोगाच्या सेवेचे आहे, पण त्या प्रश्नामुळेच ते लिहायला घेतले आहे, कारण ही सेवा कोणाच्या उपयोगी पडते आणि कोण तिच्या दारातूनच परत जातो, हे बहुतेक वेळा त्या एका गोष्टीवर ठरते.

माझे मत आधीच सांगते. आयोगाचे ऑनलाइन पोर्टल आणि मुलाखत घेणारे कर्मचारी यांना मी पाचपैकी चार तारे देईन. ज्या नियमांच्या चौकटीत ही सेवा चालते त्या चौकटीला मात्र दोनच. ती चौकट आयोगाने एकट्याने बनवलेली नाही. ती १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणात आहे आणि तिचे अर्थ गेली पन्नास वर्षे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय लावत आले आहे. पण सेवा वापरणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. त्याला जाणवते ते एवढेच की आपल्यावर अन्याय झाला की नाही, हा प्रश्न कोणी विचारण्याआधीच कागद परत आला.

प्रथम सेवा कशी आहे ते पाहू. ती पूर्णपणे मोफत आहे, वकील असण्याची अट नाही आणि तक्रारदार नागरिक आहे की व्हिसावर, यावरून कायद्याचे संरक्षण बदलत नाही, जे आपल्यातल्या एच-वनबीवर असलेल्या अनेकांना ठाऊकच नसते. पोर्टल उघडल्यावर काही प्रश्न येतात : घटना कुठे घडली, केव्हा घडली, मालकाकडे माणसे किती आहेत. वंश, धर्म, लिंग इत्यादींवरून झालेल्या भेदभावासाठी मालकाकडे किमान १५ कर्मचारी असावे लागतात आणि वयावरून झालेल्या भेदभावासाठी २०. त्यामुळे लहान दुकानात किंवा नात्यातल्या माणसांच्या छोट्या धंद्यात काम करणाऱ्याला हे दार उघडतच नाही, त्याने राज्याच्या कायद्याकडे वळावे. नंतर खाते उघडायचे, चौकशी-अर्ज भरायचा आणि मुलाखतीची वेळ घ्यायची. मुलाखत फोनवर, व्हिडिओवर किंवा कार्यालयात जाऊन देता येते. आम्ही नेवार्कच्या कार्यालयात गेलो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी घाई केली नाही, मधे तोडले नाही, आणि ज्या एका गोष्टीने आमचे तोंड उतरले तीही त्यांनी स्पष्ट आणि सौम्य शब्दांत सांगितली. त्या मुलाखतीवरून कर्मचारी तक्रारीचा मसुदा करतात आणि तो पोर्टलवरच वाचून सही करता येते. तक्रार दाखल झाल्यापासून दहा दिवसांच्या आत मालकाला नोटीस जाते. पुढे मालकाने दिलेले उत्तर मागवून वाचता येते, कागद चढवता येतात आणि दोन्ही बाजू तयार असतील तर मध्यस्थीही विनामूल्य होते. सरकारी सेवा म्हणून ही व्यवस्था खरोखर चांगली आहे आणि ज्यांनी ती उभी केली त्यांचे श्रेय मला नाकारायचे नाही.

पण इथेच पहिला खड्डा आहे. चौकशी-अर्ज भरणे म्हणजे तक्रार दाखल करणे नव्हे. पोर्टल हे सांगते, लपवत नाही, पण ज्या माणसाने रात्री अकरा वाजता मुलांना झोपवून, डोळे पुसत, चार पाने मजकूर भरला आहे आणि शेवटी ‘पाठवा’ हे बटण दाबले आहे त्याला आपण तक्रार केली असेच वाटणार. मुदत मोजली जाते ती सही केलेली तक्रार दाखल होण्याच्या तारखेपर्यंत. मुलाखतीची वेळ लगेचच मिळेल असे नाही, म्हणून मुदतीचे ६० किंवा त्याहून कमी दिवस उरले असतील तर पोर्टल वेगळ्या सूचना देते आणि त्या पाळाव्यात. त्याहूनही सुरक्षित, आणि बहुतेकांना माहीत नसलेला, मार्ग म्हणजे साधे पत्र. आपले नाव व पत्ता, मालकाचे नाव व पत्ता, माणसे साधारण किती, काय घडले, केव्हा घडले, कोणत्या कारणावरून भेदभाव झाला असे वाटते, आणि खाली सही, एवढे असलेले पत्र डाकेने पाठवूनही तक्रार दाखल होते.

या खड्ड्यात पडलेल्या दोघांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि दोघेही वर आले, म्हणून ती इथे सांगण्यासारखी आहेत. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजमधले प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांना १९९७ साली कायम नेमणूक नाकारली गेली. त्यांनी मुदतीत आयोगाला पत्र पाठवले, पण शपथेवर सही केलेला ठरावीक नमुना आयोगाकडे पोचला तो ३१३व्या दिवशी. मुदत होती ३०० दिवसांची. खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की शपथ नंतर घेतली तरी ती मूळ पत्राच्या तारखेला जोडता येते. दुसरे प्रकरण फेडरल एक्स्प्रेसमधील कामगारांचे, निकाल २००८चा. तिथे कर्मचाऱ्याने आयोगाचा प्राथमिक प्रश्नपत्रक-नमुना आणि सोबत सविस्तर प्रतिज्ञापत्र दिले होते, पण आयोगानेच त्याला तक्रार मानले नाही आणि मालकाला नोटीसही पाठवली नाही. न्यायालय म्हणाले की आयोगाने हालचाल करावी अशी विनंती कागदातून वाजवीपणे दिसत असेल तर तो कागद तक्रारच होय. दोन्ही निकाल कामगाराच्या बाजूचे आहेत. तरीही ते वाचताना माझ्या मनात येते ते हे की एका सहीचे आणि एका नमुन्याचे मोल ठरवायला ही माणसे किती वर्षे न्यायालयात उभी राहिली, आणि त्या काळात मूळ अन्यायाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी नणंद एका औषधनिर्माण कंपनीच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता-तपासणीचे काम करते. बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा तिच्या हाताखालची माणसे आणि तिचे पद दुसऱ्याला दिलेले होते, आणि ४ मार्चला तिला तसे लेखी कळवण्यात आले. गरोदरपणावरून केलेला भेदभाव हा १९७८च्या दुरुस्तीपासून लिंगावरून केलेला भेदभावच मानला जातो, त्यामुळे तिची तक्रार कायद्यात बसत होती. एप्रिलमध्ये तिने एचआरकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी आस्थेने ऐकून घेतले, चौकशी चालू असल्याचे कळवले, चौकशी पूर्ण होईपर्यंत धीर धरावा असे सांगितले. जूनमध्ये एक बैठक झाली, सप्टेंबरमध्ये दुसरी. दिवाळी गेली. ९ जानेवारीला उत्तर आले की आरोपात तथ्य आढळले नाही. न्यू जर्सीत आयोगाकडे जाण्याची मुदत ३०० दिवसांची आहे, कारण या राज्याला भेदभावाच्या तक्रारी पाहणारी स्वतःची यंत्रणा आहे. जिथे अशी यंत्रणा नाही तिथे ती केवळ १८० दिवसांची. ४ मार्चपासून ३००वा दिवस येतो २९ डिसेंबरला. उत्तर आले तेव्हा अकरा दिवस उलटून गेले होते. ते उत्तर मुद्दाम लांबवले होते का, हे मला सिद्ध करता येणार नाही आणि म्हणून तसा आरोपही मी करत नाही. एवढेच म्हणते की दहा महिन्यांच्या त्या पत्रव्यवहारात, ज्यात कंपनीच्या धोरणाची कलमे जागोजागी उद्धृत केली होती, बाहेरच्या मुदतीचा उल्लेख एकदाही नव्हता.

तिची चूक काय झाली? तिला वाटले की कंपनीत तक्रार केली म्हणजे तक्रार झाली. हे वाटणे भारतातून आलेल्या माणसाला अगदी स्वाभाविक आहे, आणि त्याचे कारण मला महत्त्वाचे वाटते. भारतात लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३चा जो कायदा आहे त्यात कार्यालयातली अंतर्गत समिती हीच कायद्याने नेमलेली पहिली जागा आहे. तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार दिली की मुदत पाळली जाते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कंपनीत सहा-सात वर्षे काढून, दरवर्षी त्या कायद्याचे प्रशिक्षण घेऊन इथे आलेली मुलगी एचआरच्या दारालाच कायद्याचे दार समजते. इथे ते तसे नाही. एचआरची चौकशी ही मालकाची खासगी बाब आहे आणि ती चालू असताना कायद्याचे घड्याळ थांबत नाही.

हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच युनियनच्या गाऱ्हाण्याच्या संदर्भात सांगितले होते आणि १९८०मध्ये डेलावेअर स्टेट कॉलेजच्या प्रकरणात अधिक कठोरपणे सांगितले. कोलंबस रिक्स हे लायबेरियातून आलेले कृष्णवर्णीय प्राध्यापक. १९७४च्या जूनमध्ये कॉलेजने त्यांना कायम नेमणूक न देण्याचा निर्णय कळवला आणि एक वर्षाचा अखेरचा करार देऊ केला, जो ३० जून १९७५ रोजी संपणार होता. त्यांनी कॉलेजच्या आतच दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि १९७५च्या एप्रिलमध्ये ते आयोगाकडे गेले. म्हणजे ते आयोगाच्या दारात उभे होते तेव्हा अजून नोकरीत होते, वर्गात शिकवत होते, आणि तरीही न्यायालयाच्या लेखी त्यांना उशीर झाला होता. कारण १८० दिवस मोजायचे ते नोकरी सुटल्याच्या दिवसापासून नव्हे, तर निर्णय कळल्याच्या दिवसापासून. आतली दाद चालू होती म्हणून काही सूट नाही. हा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण त्या चार न्यायाधीशांना जे खटकले तेच मला खटकते.

आणि यातली खरी कोंडी तर पुढेच आहे. १९९८ साली, फ्लोरिडातील बोका रॅटन शहरातल्या जीवरक्षक बेथ फॅरागर यांच्या आणि त्याच दिवशी लागलेल्या आणखी एका प्रकरणात, त्याच न्यायालयाने ठरवले की वरिष्ठाने छळ केला पण नोकरीतून काढणे, पदावनती करणे असे काही ठोस पाऊल उचलले गेले नसेल, तर मालकाला बचाव आहे : आमच्याकडे तक्रारीची सोय होती आणि या कर्मचाऱ्याने ती विनाकारण वापरली नाही. म्हणजे छळाच्या तक्रारीत आत दाद मागितली नाही तर पुढे दावा पडू शकतो, आणि आत दाद मागून उत्तराची वाट पाहिली तर मुदत पडू शकते. दोन्ही करावे लागते, एकाच वेळी, आणि जिथे रोज जाऊन बसायचे आहे त्या जागेविरुद्ध सरकारी कार्यालयात सही करायची असते. ज्याची नोकरी गेली आणि ज्याचा व्हिसा नोकरीवर टांगलेला आहे, त्याच्यापुढे तर देश सोडण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. त्या साठ दिवसांत तो दुसरी नोकरी शोधेल की पहिल्या नोकरीवरची तक्रार लिहील, हे मला विचारावेही लागत नाही. आमच्या मंडळातल्या दोघांच्या वेळी मी ते पाहिले आहे.

मुदतीच्या या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे लिली लेडबेटर. अलाबामातील गॅड्सडेन इथल्या गुडइयर टायरच्या कारखान्यात त्या १९७९ ते १९९८ अशी जवळजवळ वीस वर्षे होत्या. अखेरीला त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते. त्याच पदावरच्या पंधरा पुरुषांपैकी सर्वांत कमी पगार असलेल्याला ४,२८६ आणि सर्वांत जास्त असलेल्याला ५,२३६. हे त्यांना कळले ते कोणीतरी ठेवलेल्या निनावी चिठ्ठीतून. ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, तो दावा मुदतबाह्य ठरवला, कारण पगार कमी ठेवण्याचे मूळ निर्णय १८० दिवसांपूर्वीचे होते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखवले. २९ जानेवारी २००९ रोजी लेडबेटर यांच्याच नावाचा कायदा झाला आणि आता भेदभावाने ठरवलेला प्रत्येक पगार हातात पडताना मुदत नव्याने सुरू होते. पण ही सुधारणा पगारापुरती आहे. बढती नाकारणे, पद काढून घेणे, कामावरून काढणे या प्रत्येक घटनेचे घड्याळ वेगळे आणि एकदाच सुरू होणारे. हे २००२च्या अ‍ॅमट्रॅक रेल्वेच्या प्रकरणात पक्के झाले आहे. लेडबेटर यांना स्वतःला त्या कायद्याने एक डॉलरही मिळाला नाही.

तारखेनंतरचा दुसरा धोका नमुन्यातल्या चौकोनांचा आहे. भेदभाव कशावरून झाला ते तिथे खूण करून सांगायचे असते : वंश, वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश, वय, अपंगत्व, जनुकीय माहिती, किंवा आधी तक्रार केल्याचा सूड. ज्यावर खूण नाही आणि ज्याचा मजकुरातही उल्लेख नाही, तो मुद्दा पुढे न्यायालयात मांडू देत नाहीत. टेक्सासमधील फोर्ट बेंड काउंटीत संगणक विभागात काम करणाऱ्या लोइस डेव्हिस यांनी छळाची आणि सुडाची तक्रार केली होती. ती चालू असतानाच एका रविवारी कामावर बोलावले असता चर्चमधल्या कार्यक्रमामुळे त्या गेल्या नाहीत आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांनी प्राथमिक प्रश्नपत्रकावर हाताने ‘धर्म’ असा शब्द लिहिला, पण मूळ तक्रार दुरुस्त केली नाही. दाव्याला काही वर्षे उलटल्यावर, एक अपील होऊन गेल्यावर, काउंटीच्या वकिलांना हा दोष आठवला आणि त्यांनी दावा फेटाळण्याची मागणी केली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की आधी आयोगाकडे जाण्याची अट सक्तीची आहे, पण ती न्यायालयाच्या अधिकाराला हात घालत नाही. मालकाने वेळेवर आक्षेप घेतला नाही तर तो त्याने गमावला. यात तक्रारदाराला दिलासा आहे हे खरे, पण त्यावर विसंबून राहू नये, कारण बहुतेक मालकांचे वकील हा आक्षेप पहिल्याच कागदात घेतात.

आपल्या वाचकांसाठी इथे आणखी एक गोष्ट नोंदवते. या चौकोनांत जात नाही. २०२०मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीविरुद्ध जातीय भेदभावाचा दावा लावला तेव्हाही तो धर्म, वंशपरंपरा, मूळ देश, वर्ण अशा प्रचलित शब्दांत बसवावा लागला. सिएटल शहराने २०२३च्या फेब्रुवारीत जातीचा उल्लेख आपल्या नियमात केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसे विधेयक मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. ज्या महाराष्ट्रातून बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठापर्यंतचा प्रवास केला, तिथल्या मुलाला न्यू यॉर्कजवळच्या कार्यालयात जातीवरून डावलले गेले तर तो कोणत्या चौकोनात खूण करणार? माझ्या समजुतीप्रमाणे त्याने लागू होऊ शकणाऱ्या प्रत्येक चौकोनात खूण करावी आणि मजकुरात ‘जात’ हा शब्द स्पष्ट लिहावा. १८६६पासून चालत आलेला वंशभेदविरोधी कायदा, ज्याला इथे कलम १९८१ म्हणतात, वंशपरंपरेवरून झालेल्या भेदभावालाही लागू होतो असे १९८७ साली ठरलेले आहे, आणि त्यासाठी आयोगाकडे जावे लागत नाही व चार वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. वकिलाला हे विचारावे.

आयोगाकडून पत्र आल्यावरही घड्याळ थांबत नाही. ते पत्र मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात दावा लावावा लागतो. अलाबामातील सेलिंडा ब्राउन यांनी १९८१ साली ते पत्रच न्यायालयाला पाठवले आणि वकील देण्याची विनंती केली. दावा म्हणून योग्य तो कागद दाखल झाला तो १३०व्या दिवशी. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळणे कायम केले. वकील नसलेल्या बाईने वकील मागितला आणि वकिली नमुन्यात कागद दिला नाही म्हणून ती बाहेर गेली; हे मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा मला अस्वस्थ करते. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांची अवस्था तर याहून बिकट आहे : टपाल खाते असो वा माजी सैनिकांचे रुग्णालय, तिथे घटनेपासून ४५ दिवसांत खात्याच्या समुपदेशकाला भेटावे लागते, आणि समुपदेशन आटोपल्याची सूचना मिळाल्यावर रीतसर तक्रारीला फक्त १५ दिवस.

आता आमचे काय झाले ते. मुलाखतीत त्या बाईंनी सांगितले की ४ मार्चची घटना मुदतीबाहेर गेली आहे, तरीही तक्रार दाखल करण्याचा तुमचा हक्क आहे. नणंदेने ती दाखल केली, कारण तिला ती नोंद व्हायला हवी होती, आणि ती अपेक्षेप्रमाणे निकालात निघाली. त्यानंतर आम्ही एका वकिलाकडे गेलो, जिथे खरे तर मे महिन्यातच जायला हवे होते. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, न्यू जर्सीच्या स्वतःच्या भेदभावविरोधी कायद्याखाली राज्याच्या यंत्रणेकडे जायची मुदत १८० दिवसांची असली तरी त्याच कायद्याखाली थेट राज्याच्या न्यायालयात दावा लावायला दोन वर्षे असतात. म्हणजे पद काढून घेतल्याचा मुद्दा मेलेला नव्हता, फक्त आयोगाच्या दारातून जाऊ शकत नव्हता. दुसरी, १८ नोव्हेंबरला एका रिकाम्या झालेल्या पदासाठी तिला डावलण्यात आले होते, जे ती स्वतः किरकोळ समजून विसरली होती. ती स्वतंत्र घटना असल्यामुळे तिचे तीनशे दिवस सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालणार होते. त्या घटनेची वेगळी तक्रार तिने केली आणि या वेळी लिंगाच्या चौकोनासोबत सुडाच्या चौकोनातही खूण केली, कारण तेव्हा एचआरकडची तक्रार चालू होती.

पोर्टलमध्ये एक बदल व्हावा असे मला मनापासून वाटते आणि तो अवघड नाही. घटनेची तारीख आणि राज्य ही दोन उत्तरे पोर्टल सुरुवातीलाच घेते. तिथेच, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात दिसावे की या घटनेची मुदत अमुक तारखेला संपते, तुमच्या कार्यालयात चौकशी चालू असली तरीही. शेवटचा दिवस शनिवार-रविवारी किंवा सुटीच्या दिवशी आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात, हेही तिथेच सांगता येईल. आणि त्याहून अधिक उपयोगाचे म्हणजे मालकाने अंतर्गत तक्रारीची पोच देताना ती तारीख लिहिणे बंधनकारक व्हावे. मालकाला कामाच्या ठिकाणी हक्कांचे भित्तिपत्रक लावणे आजही सक्तीचे आहे. आमच्या नणंदेच्या कंपनीत ते पेयजलाच्या यंत्राशेजारी लावलेले होते आणि तिने ते कित्येकदा पाहिलेही होते. पण भिंतीवरचे पत्रक सगळ्यांसाठी असते. आपल्या नावाच्या पत्रात आपली तारीख लिहिलेली असली तर माणूस ती वाचतो.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांना मी ही सेवा वापरायलाच सांगेन, पण निर्णय कळला त्या आठवड्यातच. एचआरकडे तक्रार द्या, तिची प्रत आपल्या घरच्या ईमेलवर नको तर कागदावर ठेवा, कारण कंपनीचा मजकूर बाहेर पाठवल्याचा उलट ठपका येऊ शकतो. आणि त्याच वेळी पोर्टलवर खाते उघडा. निर्णय कळवणाऱ्या पत्राचे पाकीट, बैठकीची तारीख, फोन कोणी केला आणि काय बोलले, हे सगळे एका वहीत उतरवून ठेवा. आमच्याकडे ती वही जानेवारीत सुरू झाली, त्यामुळे मार्च ते डिसेंबरचे बरेच आठवणीतून लिहावे लागले.

नोव्हेंबरच्या घटनेवर कंपनीचे उत्तर पोर्टलवर आले आहे. ते वाचून आपले म्हणणे देण्यासाठी २० दिवस आहेत, त्यातले सहा गेले. राज्याच्या न्यायालयातल्या दाव्याचा मसुदा वकिलांकडे आहे आणि त्याची शेवटची तारीख नणंदेने या वेळी स्वतः मोजली, मग मी मोजली, मग आम्ही दोघींनी मिळून कॅलेंडरवर एकेक दिवस बोट ठेवत पुन्हा मोजली.